पडद्यावरचं समलिंगी प्रेम : वाचकांचे प्रश्न

टीव्ही आणि ओटीटीवरच्या समलिंगी प्रेमकथांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलं आहे. हे सगळं ‘त्यांच्या’साठी असतं की सगळ्यांसाठी, ही शंका बहुतेक पत्रांत या ना त्या रूपात होती.

माझं वय ४८, लग्नाला २५ वर्षं झाली. दुपारी कामं आटोपली की मोबाइलवर थायलंडच्या मालिका बघते, दोन मुलांच्या प्रेमाच्या. घरी वाटतं की मी कोरियन मालिका बघते. मला यात एवढा रस का वाटावा हेच कळत नाही. माझ्यासारख्या आणखी कुणी असतात का? (सांगली)

भरपूर असतात. खरं तर हा प्रकार तुमच्यासारख्या बायकांनीच घडवला. १९७० च्या दशकात जपानमध्ये मोतो हागिओ, केइको ताकेमिया या तरुण चित्रकथाकार स्त्रियांनी मुलींच्या मासिकांत दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या गोष्टी आणल्या. १९७८ मध्ये अशा गोष्टींचं ‘जून’ नावाचं स्वतंत्र मासिकही निघालं. त्याच दशकात अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चाहत्या तिच्यातल्या कर्क आणि स्पॉक या दोन नायकांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहून घरगुती अंकांतून एकमेकींना वाटत होत्या. थायलंडमध्ये २०१४ ची ‘लव्ह सिक’ ही मालिका ऑनलाइन कादंबरीवरून आली, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये ‘टूगेदर’ यूट्यूबवरून देशोदेशी पोचली. ‘बीएल’, म्हणजे बॉइज लव्ह, या नावाखाली आज जे दिसतं त्याच्या मुळाशी ही पन्नास वर्षांची वाचकी आवड आहे.

रस का वाटतो, त्याला रचनेतली कारणं आहेत. नेहमीच्या मालिकेत लग्नानंतर कोण कुणाच्या घरी जाणार, स्वयंपाक कोण करणार, नोकरी कोण सोडणार हे गोष्ट सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. दोन पुरुषांच्या गोष्टीत यातलं काहीच ठरलेलं नसतं. प्रत्येक पाऊल दोघांना बोलून, भांडून ठरवावं लागतं आणि तेच बघायला मजा येते. शिवाय पडद्यावर नायिका नसल्यामुळे तिच्या कंबरेशी, वयाशी, सोशिकपणाशी प्रेक्षक बाईची तुलना होत नाही. एका प्रसंगात तुम्ही एकाच्या जागी उभ्या राहता, पुढच्या प्रसंगात दुसऱ्याच्या.

सगळ्यात मोठं कारण अडथळ्याचं. अडथळ्याशिवाय प्रेमकथा चालत नाही. शहरी मालिकांच्या लेखकांना तो ओढूनताणून आणावा लागतो : गैरसमज, अपघात, स्मृती जाणं. (जातीचा अडथळा आपल्याकडे जिवंत आहे, पण त्याला हात लावायला मालिका घाबरतात.) दोन मुलांच्या गोष्टीत अडथळा पहिल्या मिनिटापासून हजर असतो. त्यामुळे बोटाला बोट लागण्यावर दिग्दर्शक तीन मिनिटं खर्च करू शकतो आणि प्रेक्षक जागचा हलत नाही.

घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कोरियातही २०२२ ची ‘सिमँटिक एरर’ आहेच, त्यामुळे ती बघितलीत तर तुमचं म्हणणं अगदीच खोटं ठरणार नाही.

मी गे आहे, वय ३१. या मालिका आमच्याबद्दल आहेत असं मैत्रिणी सांगतात. मला मात्र त्यात मी कुठेच दिसत नाही. (नाशिक)

तुमची तक्रार खरी आहे. बीएलच्या चाहत्यांतही ती होते. सुरुवातीच्या अनेक मालिकांचा साचा असा : नायक म्हणतो, मला मुलगे आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस. ऐकायला गोड, पण त्यातून नायक गे नसल्याचा दाखलाच प्रेक्षकाला मिळतो. मग दोघांत ‘बायको’ कोण यावरून विनोद. मधे येणारी मुलगी खलनायिका. दारू प्यायलेल्या माणसाशी जवळीक, आणि तिला रोमान्सचं नाव. दोघांनाही एकही गे मित्र नाही, घरमालक नाही, डॉक्टर नाही, ऑफिसातली टोमणेबाजी नाही. चीनमध्ये तर प्रेमच काढून घेतलं गेलं : २०१९ च्या ‘द अनटेम्ड’मध्ये मूळ कादंबरीतले प्रेमी पडद्यावर फक्त जिवलग म्हणून उरले, आणि २०२१-२२ पासून अशा कादंबऱ्यांवरच्या मालिकांची वाट तिथे जवळजवळ बंद झाली.

वेळ वाया जाऊ नये म्हणून एक चाचणी सुचवतो. तीन भाग बघा. तेवढ्यात दोघांपैकी एकाला तरी आपल्यासारखा दुसरा कुणी माहीत आहे का? आपण काय आहोत हे तो स्वतःशी तरी कबूल करतो का? भेटायला जागा कुठे, हा प्रश्न त्यांना पडतो का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तर ती मालिका तुमच्यासाठी लिहिलेली नाही. सोडून द्या, अपराधी वाटून घेऊ नका.

या चाचणीत टिकणाऱ्या मालिकाही आहेत. थायलंडचीच ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’ (२०२०) फुकेतमध्ये घडते. चिनी भाषेच्या अभ्यासाच्या निमित्ताने दोन जुने मित्र पुन्हा जवळ येतात, आणि त्यातल्या एकाची स्वतःशी चाललेली झटापट मालिका चुकवत नाही. आपल्याकडे ‘मेड इन हेवन’चा पहिला सीझन (२०१९) : घरमालक चोरून चित्रण करतो आणि गे नायक करणला कलम ३७७ खाली, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमाखाली, अटक होते. या कलमाची काय दहशत होती हे ज्यांनी सप्टेंबर २०१८ च्या आधी, म्हणजे न्यायालयाने हे संबंध गुन्ह्यातून वगळण्याआधी, अनुभवलं, त्यांना तो घरमालक ओळखीचा वाटेल. करण साकारणाऱ्या अर्जुन माथुरला या भूमिकेसाठी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं.

सहा भागांची मराठी वेब मालिका लिहितोय. सोलापूरकडची दोन मुलं, प्रेमात पडतात. निर्माते म्हणतात, ‘जरा युनिव्हर्सल करा.’ म्हणजे नेमकं काय करू? (पुणे)

निर्मात्यांना बहुधा गाव, बोली, सणवार आणि नातेवाईक कमी करून हवे आहेत. उलट करा. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. त्याची चौकट काय, तर बाप गेल्यानंतरचे गावाकडचे दहा दिवस, सुतकाचे नियम, लग्नाचं विचारून भंडावणारे पाहुणे आणि लहानपणचा मित्र. पार्श्वसंगीतसुद्धा नाही. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला सुतक माहीत नाही. पण चारचौघांत रडायचं कसं आणि एकट्याने श्वास घ्यायचा कुठे, ही अडचण त्याला तपशिलामुळेच कळली. तपशील पुसले असते तर दोन देखणे चेहरे तेवढे उरले असते.

आता कामाचं.

आधी अडथळ्यांच्या दोन याद्या करा. एकीत बाहेरचे : खोली नाही, मोबाइल भावाच्या हातात असतो, एकासाठी स्थळं येतायत. दुसरीत आतले : एकाला गाव सोडायचंय, दुसरा थोरला आहे आणि दुकान त्याच्या गळ्यात आहे. मग समाजाचा विरोध क्षणभर खोडून पाहा. खोडल्यावर दोघांत काहीच ताण उरत नसेल तर गोष्ट अजून झालेली नाही. लेखक-नट डॅन लेव्हीने ‘शिट्स क्रीक’ या कॅनडाच्या विनोदी मालिकेत हेच मुद्दाम केलं. त्या काल्पनिक गावात समलिंगी द्वेष नावाची गोष्टच नाही, तरी डेव्हिड आणि पॅट्रिक या जोडीची कथा उभी राहते, कारण डेव्हिडचा स्वतःवर विश्वास नाही आणि पॅट्रिकने स्वतःच्या आईबापांना सांगितलेलं नाही. २०२० मध्ये त्या मालिकेच्या शेवटच्या सीझनला ९ एमी मिळाले.

मग एकांताचा नकाशा काढा, अगदी कागदावर. घरात कोण कुठे झोपतं, गच्चीची किल्ली कुणाकडे, शेतातली मोटर किती वाजता सुरू करायला जावं लागतं. इथे मराठी लेखकाला एक आयती विसंगती मिळते. दोन मुलांना लॉजवर आधार कार्ड दाखवून खोली सहज मिळते, मुलगा-मुलगी गेले तर मॅनेजर दहा प्रश्न विचारतो. दोन मुलं गळ्यात हात घालून बाजारातून गेली तर कुणी वळून बघत नाही. त्यामुळे इंग्रजी मालिकांतला ‘त्यांनी हात धरला’ हा धक्का इथे लागू पडणार नाही. इथे धक्का हात काढून घेण्यात आहे : कालपर्यंत खांद्यावर असलेला हात आज चारचौघांत टाळला जातो, कारण आता त्याला अर्थ आला आहे. हे अजून फारसं कुणी चित्रित केलेलं नाही. घ्या.

वेळेची वाटणी. ३५ मिनिटांचे सहा भाग म्हणजे २१० मिनिटं. पानाला मिनिट या हिशेबाने दर भागाची ३५ पानं. ओढ आहे हे पहिल्या भागाच्या दहाव्या पानापर्यंत प्रेक्षकाला कळलंच पाहिजे, पात्रांना नाही कळलं तरी चालेल. पहिलं चुंबन दुसऱ्याच्या शेवटी किंवा तिसऱ्याच्या मध्यावर. ते शेवटच्या भागापर्यंत लांबवलंत तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि चुंबनानंतरचा खरा कठीण भाग लिहायचाच राहतो. पहिल्याच भागात आणायचं असेल तर ताण दुसरीकडून आणावा लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली ‘हीटेड रायव्हलरी’ ही कॅनडाची मालिका तेच करते. प्रतिस्पर्धी संघांतले दोन हॉकीपटू आधी शरीराने जवळ येतात आणि प्रेम कबूल करायला त्यांना वर्षं लागतात. ती वर्षं सहा भागांत उड्या मारत दाखवली आहेत. प्रेक्षक ‘एकत्र येतील का’ हे विचारत नाही, ‘कबूल करतील का’ हे विचारतो. दोन्ही रस्ते चालतात, मात्र एकाच मालिकेत दोन्ही धरले की तिसऱ्या भागात गाडी अडकते.

चौथ्या भागात कुणाला तरी कळायला हवं. कसं कळतं, यावर पात्राची किंमत ठरते. त्याने स्वतः सांगितलं, की चुलतभावाने मोबाइल बघितला? आईचं भाषण आठ ओळींच्या वर गेलं की समजा, पात्र थांबलं आणि लेखक बोलू लागला. ‘हार्टस्टॉपर’ या दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाच्या ब्रिटिश मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये निक आईला सांगतो तो प्रसंग काढून बघा. आईचं काम करणाऱ्या ऑलिव्हिया कोलमनला तिथे मोजकी वाक्यं आहेत. बाकीचं तिच्या चेहऱ्यावर सोडलंय.

जवळिकीचे प्रसंग मारामारीसारखे बसवतात : कुठला हात कुठे, किती वेळ, कुठे थांबायचं, सगळं आधी ठरवून आणि दोन्ही नटांच्या लेखी संमतीने. इंटिमसी कोऑर्डिनेटरला, म्हणजे असे प्रसंग बसवणाऱ्या तज्ज्ञाला, संहिता वाचनापासून बोलवा, शूटिंगच्या सकाळी नको. सेटवर लागतील तेवढीच माणसं, मॉनिटर इतरांना दिसणार नाही असा. आणि हा सीन शिफ्टच्या शेवटच्या तासात कधीही लावू नका. दमलेले नट घाई करतात, आणि ती घाई पडद्यावर लाज म्हणून दिसते.

शेवटचं : मसुदा दोन तरी गे वाचकांना दाखवा, शक्यतो निमशहरी भागातल्या. मानधन द्या. संवाद लिहायच्या आधी दाखवा. संवाद झाल्यावर दाखवलंत तर ते शब्द सुधारतील, आणि चूक बहुधा प्रसंगात असते.

मराठी दैनंदिन मालिकांत अशी जोडी नायक-नायिकेच्या जागी का बसवत नाहीत? प्रेक्षक नाहीत म्हणून? (मुंबई)

प्रेक्षक आहेत की नाहीत हे मोजायच्या यंत्रातच मेख आहे. टीआरपी बार्क ही संस्था मोजते. देशभरातल्या ५० हजारांहून थोड्या जास्त घरांत मीटर बसवलेले आहेत, आणि घरातल्या प्रत्येकाने टीव्हीसमोर बसताना रिमोटवरचं आपलं बटण दाबायचं असतं. आकडे दर गुरुवारी येतात आणि त्यावर मालिका जगते किंवा मरते. म्हणजे मोजला जातो तो दिवाणखाना. सांगलीच्या वाचक दुपारी मोबाइलवर जे बघतात ते या हिशेबात कुठेच येत नाही. ज्या गोष्टी माणसं एकट्याने बघतात त्यांचा प्रेक्षक दिवाणखान्याच्या मीटरमध्ये कायम कमी दिसणार.

दुसरं कारण मालिकेच्या इंधनाचं. आठवड्याला सहा भाग, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. प्रेमात पडण्याची गोष्ट फार तर साठ भाग पुरते. पुढचं सगळं बघण्याचा कार्यक्रम, साखरपुडा, हळद, लग्नाचा विशेष आठवडा, सासू, डोहाळजेवण यांवर चालतं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचा विषय संसदेवर सोडला. ज्या जोडीचं लग्न कायद्याने लागत नाही, तिचा ‘लग्न विशेष’ महाएपिसोड चॅनेल कसा विकणार? आमच्या मते समाजाच्या भीतीपेक्षा हे गणित जास्त आडवं येतं. कारण हिंदीत ‘मर्यादा : लेकिन कब तक?’ या मालिकेने २०१० मध्येच स्टार प्लसवर गौरव आणि करण यांची गोष्ट दाखवली होती. पण तिथेही गौरव आधीच एका बाईचा नवरा होता. दैनंदिन मालिकेला हे प्रेम विवाहाच्या चौकटीतला तडा म्हणूनच परवडतं.

ओटीटीचे आकडे वाचताना एक सावधगिरी. नेटफ्लिक्स जे ‘व्ह्यूज’ देतं ते एकूण पाहिलेले तास भागिले मालिकेची लांबी. समजा चार तासांची मालिका २ कोटी तास पाहिली गेली, तर ५० लाख व्ह्यूज. दहा तासांची तेवढीच पाहिली गेली, तर २० लाख. नुसते तास बघितलेत तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आठ भागांची ‘हार्टस्टॉपर’ नेहमीच मागे दिसेल. आणि पाहणारे बाई की पुरुष, गे की नाही, हे या आकड्यांतून कळत नाही. यूट्यूब मात्र चॅनेलवाल्याला प्रेक्षकांचं वय, लिंग, देश आणि कुठल्या मिनिटाला कंटाळून गेले हेही दाखवतं. थाई निर्माते आपले भाग यूट्यूबवर फुकट टाकतात त्यात शहाणपण आहे : जाहिरातही होते आणि प्रेक्षकाची गणतीही.

अशा गोष्टींत शेवटी कुणीतरी मरतंच. हे का? (कोल्हापूर)

जुनी खोड आहे. हॉलिवूडमध्ये १९३४ ते १९६८ या काळात चित्रपटांवर जी नियमावली होती तिने समलिंगी संबंध उघड दाखवायला बंदी केली. आडून दाखवलेच तर त्या पात्राला शिक्षा व्हायला हवी. नियमावली गेली तरी लेखकांचा हात तसाच वळत राहिला. टीव्हीवर याचा भडका ३ मार्च २०१६ ला उडाला. ‘द हंड्रेड’ या अमेरिकी मालिकेतली लेक्सा आपल्या प्रेयसीसोबतच्या पहिल्या रात्रीनंतर लगेचच भलत्याच रोखाने आलेल्या गोळीला बळी पडली. चाहत्यांनी संताप व्यक्त केलाच, शिवाय एलजीबीटी तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी १ लाख डॉलरहून जास्त निधी उभा केला. आता सुखान्त हवा असेल तर ‘रोमान्स’ म्हणून जाहिरात झालेली मालिका निवडा. ‘ड्रामा’ म्हटलं असेल तर रुमाल घेऊन बसा.

मुलगी चौदा वर्षांची. वर्गातल्या सगळ्या ‘हार्टस्टॉपर’ बघतात म्हणून मागे लागलीय. बघू द्यावं का? (ठाणे)

पहिला सीझन बघू द्या, शक्यतो दोघींनी मिळून. चुंबनं आहेत, त्यापुढे काही नाही. जड आहे ते वेगळंच : शाळेतली दादागिरी, आणि पहिल्याच भागात एक मुलगा नायकावर जबरदस्तीने चुंबन लादतो. नको म्हटल्यावर थांबायचं असतं, हे बोलायला तोच प्रसंग उपयोगी पडतो. दुसऱ्या सीझनपासून नायक चार्लीचा जेवणाशी बिघडलेला संबंध आणि स्वतःला इजा करणं येतं. तिसऱ्यात त्यावरचे उपचार आहेत, आणि शरीरसंबंधांबद्दलची चर्चाही. मुलीला किंवा तिच्या जवळच्या कुणाला खाण्याचा असा त्रास असेल तर तिसऱ्याच्या आधी थांबून बोला.

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे वर्ग दाखवावे लागतात, आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय देणं बंधनकारक आहे. मुलीचं प्रोफाइल वेगळं करा, खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या प्रोफाइलला वयाचा वर्ग लावा, आणि तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला चार अंकी पिन घाला. बहुतेक घरांत हा दुसरा भाग राहतो आणि पोरं आईच्या प्रोफाइलमधून सगळं बघतात. ‘हीटेड रायव्हलरी’ मात्र पूर्णपणे मोठ्यांची आहे, हे लक्षात असू द्या. नावं मित्रमंडळींत एकाच दमात घेतली जातात.

ही भूमिका करणारा नट खऱ्या आयुष्यात गे असायला नको का? (पणजी)

नटाला विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला नाही, एवढं आधी. ‘हार्टस्टॉपर’मधला किट कॉनर १८ वर्षांचा असताना लोकांनी त्याच्यावर गे असल्याचा खोटा आभास निर्माण केल्याचा आरोप करून इतकं भंडावलं, की २०२२ मध्ये त्याला ट्विटरवर आपण बायसेक्शुअल असल्याचं जाहीर करावं लागलं. ज्या मालिकेत ‘कुणाला सांगायचं ते ज्याने त्याने ठरवावं’ हा धडा आहे, तिच्याच चाहत्यांकडून हे घडलं.

निर्मात्याला मात्र हा प्रश्न जरूर विचारा, वेगळ्या तऱ्हेने : लेखनकक्षात, दिग्दर्शनात, ऑडिशनच्या यादीत गे माणसं आहेत का? थायलंडमध्ये याची उलटी बाजू दिसते. तिथे दोन नटांची जोडी बांधून मालिका, जाहिराती, चाहत्यांचे मेळावे सगळं एकत्र विकलं जातं. धंदा चांगला चालतो. पण त्यातल्या एकाची खरी मैत्रीण दिसली की चाहते खवळतात आणि नटाला खाजगी आयुष्य उरत नाही.

आमचा मुलगा गे आहे, गेल्या दिवाळीत त्याने सांगितलं. आम्ही दोघं साठीच्या पुढचे. राग नाही, पण त्याच्याशी काय बोलावं सुचत नाही. काही बघण्यासारखं सुचवाल? (न्यू जर्सी)

क्रम महत्त्वाचा आहे. तरुणांच्या, उघड शृंगाराच्या मालिकांपासून सुरुवात करू नका. संकोचाने टीव्ही बंद होईल आणि विषयही.

आधी ‘मॉडर्न लव्ह मुंबई’मधली (२०२२) ‘बाई’ ही हंसल मेहतांची एकच कथा बघा. एका बैठकीत होते. नातू गे आहे हे आजीला कळलं तर तिला सोसणार नाही, म्हणून सगळं घर ते तिच्यापासून लपवतं. आजीच्या भूमिकेत तनुजा आहेत. लपवण्याचा भार कोण वाहतं ते बघताना तुम्हाला स्वतःच्या घराबद्दल बोलायला जागा मिळेल.

मग जपानची ‘व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?’ (२०१९). अर्ध्या तासाच्या वेळेतले बारा भाग. एक वकील आणि एक केशकर्तनकार, दोघंही चाळिशी ओलांडलेले, एकत्र राहतात. वकील काटकसरीने बाजार करतो, संध्याकाळी रांधतो, दोघं जेवतात. वकिलाचे आईवडील मुलाला समजून घ्यायची मनापासून खटपट करतात आणि तीत भलतंच बोलून जातात. तुमच्या वयाच्या माणसांना ही मालिका इतर कुठल्याहीपेक्षा जवळची वाटेल असं आम्हाला वाटतं. मुलगा म्हातारपणी एकटा पडेल का, ही जी भीती पत्रात तुम्ही लिहिलेली नाही पण बहुतेक आईवडिलांना असते, तिला या मालिकेत ताटभर उत्तर आहे.

‘शिट्स क्रीक’ तिसऱ्या क्रमांकावर ठेवा, इंग्रजी विनोदाची सवय असेल तर. पॅट्रिक तिसऱ्या सीझनमध्ये येतो, पण आधीचे सोडू नका, डेव्हिड कळल्याशिवाय त्यात गंमत नाही. पाचव्या सीझनमध्ये पॅट्रिकचे आईवडील येतात तो भाग तुमचा आहे. त्यांना दुःख मुलगा गे असल्याचं होत नाही, त्याने सांगितलं नाही याचं होतं. एलजीबीटी मुलांच्या १,८०० हून अधिक आयांनी या मालिकेच्या मंडळींना सह्यांचं आभारपत्र पाठवलं होतं.

पहिल्यांदा दोघांनीच बघा. मुलाला लगेच ‘आम्ही बघितलं हं’ असा अहवाल देऊ नका. पुढच्या फोनवर मालिकेतल्या एखाद्या पात्राबद्दल त्याचं मत विचारा. स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा पात्राबद्दल बोलणं त्यालाही सोपं जाईल.

दोन मुलींच्या गोष्टी कुठे बघायच्या? आणि थाई मालिकांना मराठी सबटायटल लावली की सगळं विचित्र का होतं? (नागपूर)

२०२२ ची ‘गॅप’ ही सुरुवातीला घ्या : बारा भाग, मोठ्या घराण्यातली बॉस आणि तिच्या हाताखालची नवी मुलगी, निर्मात्यांच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर इंग्रजी सबटायटलसह. तिच्या यशानंतर थायलंडमध्ये मुलींच्या प्रेमकथांची रांग लागली. त्याआधी स्त्री-प्रेक्षक फक्त देखण्या मुलांसाठी येतात असं गृहीत धरलं जायचं. २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी विवाह कायदेशीर आहे, त्यामुळे आता या मालिकांत लग्नाची नोंदणीही दाखवता येते. हिंदीत ‘द मॅरीड वुमन’ (२०२१) आहे, १९९२ च्या दिल्लीत घडणारी.

सबटायटलचं कारण सोपं आहे. थाई क्रियापदाला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, इंग्रजीतल्या ‘आय वेंट’लाही नसतं. यंत्र इंग्रजीवरून मराठी करतं तेव्हा ते पुल्लिंग धरून चालतं, म्हणून दोन्ही मुली ‘मी आलो’, ‘मी थांबलो’ म्हणू लागतात आणि कोण कुणाबद्दल बोलतंय ते कळेनासं होतं. सेटिंगमधलं आपोआप भाषांतर बंद करा आणि चॅनेलने स्वतः दिलेली इंग्रजी सबटायटल निवडा. यादीत दोन इंग्रजी दिसली तर ज्यापुढे ‘ऑटो’ लिहिलेलं नाही ते घ्या. नावाआधी ‘पी’ दिसला तर ते दादा किंवा ताई, आणि ‘नाँग’ म्हणजे धाकटा किंवा धाकटी. थायलंडमध्ये प्रियकरालाही वयाने मोठा असेल तर ‘पी’ म्हणतात, त्यामुळे दचकू नका. एकेक भाग बहुधा चार तुकड्यांत टाकलेला असतो. १/४, २/४ असा क्रम बघूनच लावा. आणि भलत्याच चॅनेलवरचे भाग टाळा : त्यात प्रसंग कापलेले असतात, आवाज बदललेला असतो, आणि तुमचं बघणं निर्मात्याच्या हिशेबात जात नाही.